मोटारविम्यातील 'नो क्लेम बोनस' कोणाचा?

जुनी मोटार खरेदी केली म्हणजे तिच्या विमापत्रावर नोंदलेला 'नो क्लेम बोनस' (दावा न केल्याबद्दल विमाहप्त्यात मिळणारी सूट) वाहनाबरोबर आपोआप आपल्याकडे येतो, असा समज पुष्कळांचा असतो. वस्तुतः ही सवलत वाहनाची नसून विमाधारकाची असते. बदली झालेल्या कर्मचाऱ्याची सेवाज्येष्ठता जशी त्याच्यासमवेत नव्या जागी जाते, त्याच्या रिकाम्या खुर्चीवर येणाऱ्यास लाभत नाही, तसेच हे आहे.

वर्षभरात एकही दावा केला नाही, तर ही सूट प्रथम २० टक्के मिळते आणि पुढे प्रतिवर्षी क्रमाने २५, ३५, ४५ व अखेर ५० टक्क्यांपर्यंत वाढते. मात्र ती स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसंबंधीच्या हप्त्यापुरतीच असते, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये सक्तीच्या असलेल्या तृतीयपक्ष विम्याच्या (इतरांच्या हानीची भरपाई करणाऱ्या विम्याच्या) हप्त्यास ती लागू होत नाही. मुदत संपल्यावर ९० दिवसांच्या आत विम्याचे नूतनीकरण झाले नाही, तर संचित सवलत नष्ट होते.

म्हणून विक्रेत्याने विमा कंपनीकडून सवलतीचा दाखला घेऊन तो तीन वर्षांच्या आत आपल्या नव्या वाहनासाठी वापरावा. आणि खरेदीदाराने हस्तांतरणानंतर १४ दिवसांत विमा आपल्या नावे करण्याचा अर्ज देऊन सवलतीच्या फरकाची रक्कम भरावी, म्हणजे पुढे दाव्याच्या प्रसंगी तक्रारीस जागा उरणार नाही.