पासआउट झालात? म्हणजे नक्की काय झालं?

एका परदेशी वेबसाइटला कंटेंट रायटर हवे होते. मी अर्ज टाकला आणि जानेवारीत ऑनलाइन इंटरव्ह्यू ठरला. समोर लंडनहून बोलणाऱ्या एक बाई. सुरुवातीला हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मी सोलापूरची, त्यामुळे आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो हे मोठ्या अभिमानाने सांगून झालं. मग त्या म्हणाल्या, स्वतःबद्दल सांग. मी आरशासमोर दहा वेळा घोकलेलं वाक्य म्हटलं, ‘आय पास्ड आउट लास्ट मे.’

त्यांचा चेहरा एकदम काळजीत पडला. ‘ओह नो! फ्रॉम द हीट?’

मी म्हटलं, ‘नो, फ्रॉम युनिव्हर्सिटी.’

दोन सेकंद शांतता. मग त्यांना उलगडा झाला आणि त्या हसल्या, ‘ओह, यू ग्रॅज्युएटेड!’

त्या कुचकट नव्हत्या हसल्या. पण माझं पुढचं सगळंच गडबडलं. मराठी मीडियममधून आलेल्यांना हे लगेच कळेल. एक शब्द चुकला असं वाटलं, की पुढचा प्रत्येक शब्द तोंडातून काढण्याआधी मनात तपासून बघितला जातो. ज्या प्रश्नांची उत्तरं मला मस्त येत होती, तिथेही मी ‘येस’ आणि ‘नो’वर भागवलं. काम मिळालं नाही. एका शब्दामुळे ते गेलं असं मी म्हणणार नाही. त्या शब्दानंतर मी गप्प बसले, त्यामुळे गेलं असणार.

चूक होती की नाही?

त्या रात्री झोप येईना, म्हणून ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या ऑनलाइन डिक्शनऱ्या उघडल्या. ‘पास आउट’चा पहिला अर्थ दोन्हीकडे तोच : शुद्ध हरपणे. म्हणजे बाईंना मी सोलापूरच्या उन्हात चक्कर येऊन पडलेली दिसले होते! पण खाली आणखी एक अर्थ होता. ‘ब्रिटिश’ असा शिक्का मारलेला. लष्करी किंवा पोलिस प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण करून बाहेर पडणे. तिसरा अर्थ म्हणजे वाटणे. वर्गात सरांनी नोट्स ‘पास आउट’ केल्या, तर ते बेशुद्धही पडलेले नसतात आणि त्यांना डिग्रीही मिळालेली नसते.

यातला दुसरा अर्थ आपल्या ओळखीचा आहे. माझा आतेभाऊ पीएसआय झाला, तेव्हा नाशिकच्या महाराष्ट्र पोलिस अकादमीतल्या कार्यक्रमाला ‘दीक्षांत संचलन’ म्हणत होते. आमच्या घरात मात्र आजीसकट सगळे ‘पासिंग आउट’च म्हणत होते. खडकवासल्याच्या एनडीएतून ३० मे २०२५ रोजी मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या १७ जणी ‘पास आउट’ झाल्या, असं म्हणणं लंडनमध्येही बरोबरच ठरेल. आपण इतकंच केलं, की परेड ग्राउंडवरचा हा शब्द थेट बीए, बीकॉम, बीएस्सीलाही लावला. वर त्याचं नामही करून टाकलं. ‘तू कितीचा पासआउट?’ हे वाक्य आता जवळजवळ मराठीच आहे.

गंमत म्हणजे पहिले दोन्ही अर्थ एकाच मैदानावर भेटू शकतात. बराच वेळ उन्हात न हलता उभं राहिलं, की रक्त पायांत साठतं, मेंदूला कमी पडतं आणि माणूस कोसळतो. १० जून २०२३ ला लंडनमध्ये ‘ट्रूपिंग द कलर’ची तालीम चालू होती. प्रिन्स विल्यम समोर होते आणि जाड लोकरी गणवेशातले काही सैनिक उन्हाने भोवळ येऊन पडले. तिथे ३० अंश म्हणजे प्रचंड ऊन. सोलापूरकरांनी हसू नये!

कुठे काय म्हणाल?

चक्कर येऊन पडण्यासाठी ‘फेंट’ हा सरळ शब्द आहे. बोलताना ‘पास आउट’ जास्त चालतो. ऊन, थकवा, दारू, कारण काहीही असो. ‘ब्लॅक आउट’मध्ये डोळ्यांपुढे अंधारी येते, किंवा मधलं काहीच आठवत नाही. ‘कोलॅप्स’ म्हणजे कोसळणं. त्यात शुद्ध गेलेली असेलच असं नाही. डॉक्टरांच्या कागदावर ‘लॉस ऑफ कॉन्शसनेस’ दिसेल.

डिग्री पूर्ण झाली असेल तर ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०२५’ किंवा ‘आय कम्प्लीटेड माय डिग्री’. बारावीसाठी ‘फिनिश्ड’ पुरतं. परीक्षा सुटली असेल तर नुसतं ‘पास्ड’ म्हणा, ‘आउट’ नको. सीव्हीवर ‘२०२५ पासआउट’ऐवजी ‘२०२५ ग्रॅज्युएट’ लिहा. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांसाठी ‘अ‍ॅलम्नाय’ आहेच. आणि घाईत ‘पास्ड अवे’ मात्र म्हणू नका, समोरचा श्रद्धांजली वाहील.

हे कधी बदलायचं? भारतात अर्ज करताना फारसा प्रश्न येत नाही. आपल्या एचआरवाल्यांच्या जाहिरातीतच ‘पासआउट’ लिहिलेलं असतं. बाहेरच्या युनिव्हर्सिटीला एसओपी पाठवताना, परदेशी क्लायंटशी बोलताना ‘ग्रॅज्युएटेड’ वापरा. घरी आपण एक मराठी बोलतो आणि निबंधात दुसरं लिहितो, तसंच आहे हे.

गाडी लागली!

आपल्याकडेही असे शब्द कमी नाहीत. नुसतं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो. स्वारगेटला कुणी ‘गाडी लागली’ म्हटलं, की आपण बॅग उचलून पळतो. तेच ताम्हिणी घाटात शेजारच्याने म्हटलं, की आपण प्लॅस्टिकची पिशवी शोधतो. मराठी शिकणारा एखादा परदेशी मित्र इथे हमखास फसेल. तो फसला म्हणून आपण त्याला अडाणी म्हणू का? उलट कौतुकाने समजावून सांगू. मग स्वतःच्या इंग्रजीच्या बाबतीत आपण एवढे कठोर का होतो?

मागच्या महिन्यात माझा आणखी एक कॉल झाला. यावेळी ‘ग्रॅज्युएटेड’ अगदी ठसक्यात म्हटलं. आणि पुढच्याच मिनिटाला विचारलं, ‘कॅन वी प्रीपोन द नेक्स्ट मीटिंग?’ पलीकडचे गृहस्थ थांबले. पोटात तोच जुना गोळा आला. पण यावेळी मीच हसले. म्हटलं, हा आमच्याकडचा शब्द आहे, ‘पोस्टपोन’च्या उलटा, म्हणजे मीटिंग अलीकडे घेऊ या. त्यांना तो इतका आवडला की त्यांनी लगेच वहीत लिहून घेतला.

निकाल अजून लागायचाय. पण त्या कॉलवर मी शेवटपर्यंत बोलत होते.