येशूचे मानवी रूप : पाश्चात्त्य आणि मराठी कलादृष्टी

प्रस्तावना :
येशू ख्रिस्त हा पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, हा सिद्धांत इ. स. ४५१ मधील कॅल्सिडनच्या धर्मपरिषदेने मांडला. शुभवर्तमानांतील येशू थकतो, रडतो आणि मरणापूर्वी गेथशेमाने बागेत व्याकूळ होतो. मात्र बाराव्या वर्षापासून सुमारे तिसाव्या वर्षापर्यंतच्या त्याच्या आयुष्याविषयी ही शुभवर्तमाने जवळजवळ मौन पाळतात. या मौनाने कलावंतांच्या कल्पनाशक्तीला मोठा वाव दिला. त्यातून साकारलेल्या मानवी रूपाचा तौलनिक विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाश्चात्त्य दृष्टी :
निकोस कझान्टझाकिस या ग्रीक लेखकाची 'द लास्ट टेम्प्टेशन' ही कादंबरी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील येशू रोमनांसाठी क्रूस घडविणारा सुतार आहे. ईश्वरी हाकेचे त्याला भय वाटते. क्रुसावर असताना पत्नी, मुले व शांत वार्धक्य यांचे स्वप्न त्याला पडते. ते नाकारून तो मरण स्वीकारतो. येथे संसार हाच अखेरचा मोह ठरतो. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी १९८८ मध्ये या कादंबरीवर चित्रपट काढला, तेव्हा अनेक देशांत निषेध झाला. पॅरिसमधील एका चित्रपटगृहाला आगही लावण्यात आली.

मराठी दृष्टी :
मराठीत येशूचे आगमन ओवी-अभंगांतून झाले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१-१९१९) यांनी अभंगांतून ख्रिस्ताला माउली व गुरू म्हणून आळविले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्णत्वास नेले. वारकरी परंपरेतील या संबोधनामुळे ख्रिस्ताचे माणूसपण आंतरिक संघर्षापेक्षा जिव्हाळ्याच्या नात्यातून प्रकटले.

चित्रपटाच्या क्षेत्रात हा प्रभाव अप्रत्यक्ष होता. १९१० च्या सुमारास मुंबईत येशूच्या जीवनावरील मूकपट पाहताना दादासाहेब फाळके यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण उभे राहिले. त्या प्रेरणेतून १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. पूज्य पुरुषाला देहधारी रूपात पाहण्याची ही सवय पुढे संतपटांत परिपक्व झाली. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्यास गेली. तेथे दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम' (१९३६) मध्ये तुकोबांची पत्नी आजारी मुलासाठी देवालाच जाब विचारावयास मंदिरात जाते. येथे संसार हा मोह नसून संतत्वाची कसोटी आहे.

निष्कर्ष :
पाश्चात्त्य कादंबरीने माणूसपण शंकेत शोधले, तर मराठी प्रतिभेने ते नात्यात व प्रपंचात शोधले. मराठी दृष्टीची मर्यादाही येथेच दिसते. प्रभातच्या तुकोबांची श्रद्धा डळमळत नाही. प्रश्न त्यांची पत्नी विचारते. पूज्य पुरुषाच्या स्वतःच्या अंतःकरणातील भय मात्र अस्पर्शित राहते. महापुरुषांच्या मानवी चित्रणाने वारंवार वाद उद्भवणाऱ्या समाजात अध्यापकांनी हा भेद वर्गात उलगडून दाखविणे अगत्याचे आहे. माणूसपण दाखविणे म्हणजे देवत्व नाकारणे नव्हे, ही जाणीव त्यातून विद्यार्थ्यांत रुजू शकेल.