मर्टल ओक : किनारी वाळूतील एक बुटका वृक्ष

प्रास्ताविक :

ओक म्हटले की युरोपातील डेरेदार, शतायुषी वृक्ष डोळ्यांसमोर येतो. (महाराष्ट्रातील बागांतून लावला जाणारा 'सिल्व्हर ओक' हा मूळचा ऑस्ट्रेलियातील असून ओकच्या क्वर्कस या प्रजातीशी त्याचा नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही.) परंतु याच क्वर्कस प्रजातीत पुरुषभर उंचीची, झुडपासारखी वाढणारी एक जाती आहे. क्वर्कस मर्टिफोलिया अर्थात मर्टल ओक ही ती जाती होय. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्डेनो यांनी १८०५ मध्ये तिचे नामकरण केले. पाने मर्टल या झुडपाच्या पानांसारखी, म्हणून हे नाव. अमेरिकेच्या आग्नेय भागात दक्षिण कॅरोलिनापासून मिसिसिपीपर्यंत, विशेषतः फ्लोरिडात, ती आढळते.

अधिवास आणि अनुकूलन :

फ्लोरिडातील जुन्या वाळूच्या टेकड्यांवर पाऊस भरपूर पडतो. तथापि पाणी वाळूतून झरझर खाली निघून जाते व पोषकद्रव्येही सोबत नेते. त्यामुळे पावसाळी प्रदेशातही येथील वनस्पतींना कोरडेपणाशी झगडावे लागते. मर्टल ओकची पाने लहान, चिवट, सदाहरित व कडांना खाली मुडपलेली असतात. मात्र या वृक्षाचे खरे बळ जमिनीखाली आहे. त्याची भूमिगत खोडे वाळूत दूरवर पसरतात, म्हणून वर वेगवेगळी वाटणारी झुडपे पुष्कळदा एकाच वनस्पतीची असतात. वणव्यात वरचा भाग जळून गेला तरी या खोडांतून नवे धुमारे फुटतात. साधारणतः आठ ते वीस वर्षांच्या अंतराने येणारी आग ही या ओकवनाच्या दृष्टीने आपत्ती नव्हे, तर त्याच्या जीवनक्रमाचा भागच आहे.

आग थांबली तर काय होते, हे फ्लोरिडा स्क्रब जे या निळ्या पक्ष्यावरून ध्यानात येते. जगात केवळ फ्लोरिडातच आढळणारा हा पक्षी वर्षाला सहा ते आठ हजार ओकफळे वाळूत पुरून ठेवतो व हिवाळ्यात ती उकरून खातो. त्यासाठी त्याला बुटके ओक हवेत आणि मधूनमधून उघडी वाळूही हवी. येथे सोबत वाढणाऱ्या सँड लाइव्ह ओक व चॅपमन ओक यांची फळे एका वर्षात पिकतात, तर मर्टल ओकच्या फळांना दोन वर्षे लागतात; साहजिकच एखाद्या वर्षी बहर वाया गेला तरी सर्वांचे पीक एकदमच बुडत नाही. वणवे विझवत राहिल्यास मात्र ओक उंच वाढतात, वाळू झाकली जाते आणि पक्षी ते स्थान सोडतो. शिवाय ही उंच, कोरडी जमीन घरबांधणीला व लिंबूवर्गीय फळबागांना सोयीची असल्याने पुष्कळसे ओकवन नष्ट झाले. १९८७ मध्ये या पक्ष्याची संकटग्रस्त म्हणून नोंद करण्यात आली.

एक दीर्घकालीन प्रयोग :

केनेडी अवकाश केंद्राच्या परिसरात १९९६ ते २००७ या काळात वणव्यानंतर नव्याने वाढणाऱ्या ओकवनाला वाढीव कार्बन डायऑक्साइड पुरवण्यात आला. अकरा वर्षांत जमिनीवरील जैवभार ६७ टक्क्यांनी अधिक भरला. परंतु ही वाढ मुख्यतः मर्टल ओकची होती. शेजारच्या सँड लाइव्ह ओकने लक्षणीय प्रतिसाद दिला नाही. 'कार्बन वाढला की झाडे वाढतील' हे सरसकट विधान एकाच प्रजातीतील दोन शेजाऱ्यांनाही लागू पडत नाही, ही बाब अध्यापनात आवर्जून सांगण्याजोगी आहे.

याच परिसरात आज नियंत्रित आग लावून ओकवन बुटके राखले जाते. हे काम वाटते तितके सोपे नाही. धुरामुळे अवकाशयानाच्या नाजूक उपकरणांना बाधा पोहोचू शकते, त्यामुळे वाऱ्याची दिशा व उड्डाणांचे वेळापत्रक या दोहोंचा मेळ बसेल तेव्हाच आग लावता येते. जेथे ओक फारच वाढलेले असतात, तेथे ते आधी यंत्राने तोडून मगच जाळावे लागतात.