घासूनपुसून फिल्टर, आणि मेलेले मासे

‘फिल्टर साबणाने लख्ख धुतला, पाणीही सगळं बदललं, तरी मासे मेले कसे?’ मालवणात घरी फिश टँक ठेवणारे हे वारंवार विचारतात. तरी नव्हे, लख्ख धुतला म्हणूनच मेले.

गैरसमज : फिल्टर ही गाळणी, जितकी स्वच्छ तितकी बरी.

वस्तुस्थिती : गाळ अडवणं हे फिल्टरचं दुय्यम काम. माशांचे कल्ले, विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग बरंच सौम्य असं नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला महिना-दीड महिना लागतो. आपण साबणाने किंवा नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने ते पाच मिनिटांत मारतो, आणि मग दोष माशांच्या दुकानदाराला! ‘आमचं विहिरीचं पाणी, त्यात कुठलं क्लोरीन?’ हेही नको. पावसाळ्यात विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर क्लोरीनचीच.

टँकमधलंच पाणी बादलीत काढा आणि स्पंज त्यात दोन-चारदा पिळा. गाळ निघून प्रवाह मोकळा झाला की थांबा. स्पंज तपकिरीच राहिला? राहू द्या.

गैरसमज : पाणी नितळ म्हणजे चांगलं.

अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. थेंबांचं टेस्ट किट आणा. नळीतलं पाणी बहुतेक किटमध्ये पिवळं राहिलं तर ठीक. हिरवट झालं तर खाद्य थांबवा आणि क्लोरीन काढलेल्या पाण्याने एक तृतीयांश पाणी बदला. सोबत पीएच मोजाच. इमर्सन आणि सहकाऱ्यांच्या १९७५च्या तक्त्यानुसार २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की पाच टक्क्यांहून जास्त.

गैरसमज : किनाऱ्यावरचं प्रवाळ टँकमध्ये शोभतं.

ते गोड्या पाण्याचा पीएच चढवतं. शिवाय प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ते उचलूच नका.

गैरसमज : रात्री फिल्टर बंद ठेवला तर वीज वाचते.

पाच वॉटचा फिल्टर महिनाभर अखंड चालला तरी चार युनिटही होत नाहीत. बंद फिल्टरमध्ये मात्र जिवाणू ऑक्सिजनवाचून गुदमरतात.

मासे आजारी दिसले की लगेच औषधाची बाटली उघडू नका. आधी पाणी तपासा. आणि कृपा करून फिल्टर साबणापासून लांब ठेवा.