पुढील धातूची जाळी (मोटारगाडी)
स्पोर्ट्स कारच्या पुढील बंपरमधील प्लास्टिकची जाळी काढून तिच्या जागी मापाप्रमाणे कापलेली ॲल्युमिनियमची वा स्टेनलेस स्टीलची जाळी बसवली जाते. हा बदल निव्वळ शोभेचा समजला जातो. ते सर्वस्वी खरे नाही. १९९६ साली आलेल्या पोर्शे बॉक्स्टरचे इंजिन आसनांमागे असले, तरी रेडिएटर पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत आहेत आणि त्यांच्यापुढे वातानुकूलन यंत्रणेचे कंडेन्सर. बंपरच्या तोंडांतून शिरलेला पाचोळा तेथे साचून ओल धरतो. कंडेन्सर गंजून त्यास गळती लागते. उडालेल्या खड्यांचा मारही त्यालाच. जाळी हे अडवते, पण तारांमुळे काही हवाही अडते. भोके फार बारीक असल्यास इंजिन तापण्याचा धोका असतो. जाळीवर अडकलेला पाचोळाही वेळोवेळी काढावा लागतो.