फुलमचे घर आणि केडगावचा माळ

पंडिता रमाबाईंचे नाव सुशिक्षित ब्राह्मण घरात निघाले की बोलणाऱ्यांचे लगोलग दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, बाई विदुषी खरी, परंतु धर्म सोडला तो सोडलाच. दुसरा म्हणतो, आपण तिला काय दिले होते म्हणून तिने आपल्यापाशी राहावे? हे दोन्ही उद्गार आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहो, आणि मूळ प्रश्न त्या दोहोंच्या मधून निसटून जातो असे आम्हांस नेहमी वाटत आले. तो प्रश्न असा, की जिचे आयुष्य एकदा नव्हे, तर तीनतीनदा मोडून पडले, त्या बाईस पुन्हा उभे राहण्यासारखे त्या नव्या श्रद्धेत नेमके काय सापडले? ह्याचे उत्तर तर्काने काढण्याचे कारण नाही. रमाबाईंनी आपली हकीकत १९०७ साली स्वतःच लिहून ठेवली आहे. ती इंग्रजीत असल्यामुळे आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींच्या वाचनात फारशी आली नाही, इतकेच.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे ह्यांचे शिष्य. साठेशास्त्री पेशव्यांच्या राणीस संस्कृत शिकवीत. ते पाहून ह्या तरुण विद्यार्थ्याच्या मनाने घेतले, की आपणही आपल्या पत्नीस ही विद्या द्यावी. घरच्या माणसांनी विरोध केला, शास्त्रीमंडळींनी आक्षेप घेतला; अनंतशास्त्र्यांनी उडुपीस जाऊन ग्रंथांच्या आधारे आपला पक्ष मांडला आणि अखेर गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड केले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे कर्ज वाढून ते ठिकाण सोडावे लागले, तेव्हा सहा महिन्यांच्या ह्या मुलीस वेताच्या पेटीत घालून डोंगर उतरविले. तेव्हापासून त्या कुटुंबास घर असे उरलेच नाही. तीर्थामागून तीर्थ, देवळाच्या ओवरीत अथवा नदीच्या घाटावर पुराण सांगावयाचे, श्रोते देतील त्यावर निर्वाह करावयाचा आणि उरेल ते दान करावयाचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. आईने पाठ सांगितला, मुलीने भागवत मुखोद्गत केले. ज्या काळी आपल्या घरांतून मुलीस मुळाक्षरे शिकविणेही अशुभ मानीत, त्या काळी ही मुलगी अठरा हजार श्लोकांची धनीण होती.

मग दक्षिणेत दुष्काळ आला. जवळचे द्रव्य दानात आणि अनुष्ठानात संपले. कष्टाचे काम कधी केले नव्हते. भीक मागणे जिवावर येई. तिरुपतीच्या परिसरातील रानात ह्या कुटुंबाने पाला, पाणी आणि रानखजूर ह्यांवर अकरा दिवस काढले. १८७४ साली वडील गेले, थोड्याच महिन्यांत रायचुरास आई गेली, त्यामागून थोरली बहीण. आईच्या तिरडीस खांदा देण्यास माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी ही सोळा वर्षांची मुलगी. उंची कमी पडली म्हणून आपल्या वाट्याचा भार तिने डोक्यावर घेतला आणि तीन मैल चालत स्मशान गाठले. आमच्या वाचकांतील शास्त्रज्ञ मंडळी म्हणतील, स्त्रीने प्रेतास खांदा देणे विहित नाही. खरे आहे. विहित नसलेले ते काम त्या दिवशी तिच्यावाचून झाले नसते, हेही खरे आहे.

त्यानंतर बहीणभाऊ उत्तरेकडे पायी निघाले. झेलमेच्या काठी थंडी इतकी, की वाळूत दोन खड्डे खणून त्यांत निजावे आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यावी. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. परंतु ज्या बाईची विद्वत्ता सभेत गाजत होती, तिच्या अंतःकरणातली श्रद्धा ह्याच सुमारास आटत चालली होती. स्त्रियांपुढे व्याख्याने द्यावयाची म्हणून त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ नव्याने चाळले. इतर सर्व विषयांत ग्रंथकारांची मते भिन्न. एका गोष्टीपुरती मात्र त्यांची एकवाक्यता त्यांना आढळली. ती म्हणजे स्त्री आणि शूद्र ह्यांचा अनधिकार. ज्या तपासाठी आईबाप उपाशी मेले, त्या तपाचे फळ आपल्याला स्त्री म्हणून मिळावयाचेच नाही, हे त्यांनी मूळ संस्कृतात वाचले. न वाचणारीस निदान हे कळत तरी नाही.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. संसार जेमतेम सव्वा वर्षाचा. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले; मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर मूल, सासर परजातीचे, माहेरचे कोणी हयात नाही.

त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, आणि १८८३ साली वैद्यक शिकण्याच्या हेतूने विलायतेस निघाल्या. निघताना आपण धर्मांतर करणार नाही असे त्या निक्षून सांगत. नीलकंठशास्त्री गोरे, जे स्वतः काशीचे चित्पावन पंडित असून ख्रिस्ती झाले होते, त्यांच्याशी वाद झाले होते. त्या वादांनी बुद्धी थोडी हलली असेल, मन हलले नव्हते. वाँटेज येथे ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या उतरल्या. ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकाचा बेत मागे पडला. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत ह्यांनी तेथेच आत्मघात केला. परदेशात, एका लहान मुलीसह, हा आघातही त्यांच्या पदरी आला.

ह्याच मठाच्या जोगिणींनी त्यांना लंडनात फुलम येथील आपले एक घर दाखविले. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांकरिता ते घर होते. त्यांस तेथे ठेवून घेत, काम शिकवीत, मायेने वागवीत. आणि त्यांतील काही स्त्रिया पुढे स्वतःच रोग्यांची व अपंगांची शुश्रूषा करू लागल्या होत्या. रमाबाई थक्क झाल्या. अशा स्त्रीस शास्त्राने कोणता दंड सांगितला आहे हे त्यांना पाठ होते. तिला कोणी भले घर हौसेने देते, हे त्यांनी कोठे पाहिले नव्हते. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा तेथील जोगिणीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून, येशू विहिरीवर बसला असता पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखविली. बाई परजातीची, पाच नवरे झालेली. आणि तो तिच्याजवळ पाणी मागतो व तिच्याशी धर्माच्या गोष्टी बोलतो. रमाबाई लिहितात, की हिंदुस्थानातील दीनदुबळ्या स्त्रीस वर काढू शकेल असा हाच, हे त्या वेळी त्यांना पटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. आमच्यासारखा जन्मभर संस्कृत शिकविलेला मनुष्य लगेच म्हणेल, की असली गोष्ट आपल्याकडे काय नव्हती? भागवतात अजामिळ आहे, पिंगला वेश्या आहे. पंढरपुरी कान्होपात्रेस विठ्ठलाने पायाशी घेतले. आमचे सांगणे एवढेच, की ह्यांतील भागवताच्या कथा रमाबाईंना आमच्याहून चांगल्या ठाऊक होत्या. त्यांना त्या तोंडपाठ होत्या. देवाने पतितेस जवळ केल्याची कथा आपल्या ग्रंथांत आहे, घरोघर ती भक्तीने वाचतात, आणि पोथी बांधून ठेवल्यावर तशीच एखादी स्त्री दाराशी आली तर दाराची कडी लावतात. फुलमला रमाबाईंनी गोष्ट ऐकली ती त्या घरात उभ्या राहून; ज्यांच्याविषयी ती होती त्या स्त्रिया तेथे धुणीभांडी करीत होत्या. धर्माधर्मांची तुलना करणारे पंडित ग्रंथाला ग्रंथ ताडून पाहतात. रमाबाईंनी ग्रंथाशेजारी घर ठेवून पाहिले.

धर्मांतराने त्या निमूट झाल्या असे मात्र कोणी समजू नये. जोगिणींशी आणि पाद्र्यांशी त्यांचे वाद पुढे कित्येक वर्षे चालले. तो पत्रव्यवहार १९७७ साली छापून निघाला आहे. त्रिमूर्तीसारखे ते त्र्यैकत्वाचे मत त्यांच्या बुद्धीस सहज उतरेना. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. मांसाहार केला नाही. चेल्टनहॅमच्या विद्यालयात असता पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्याचा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, की असे केल्यास स्वदेशी तिची प्रतिष्ठा राहणार नाही. त्यावर ही बाई चांगलीच खवळली. शास्त्र्यांचा अधिकार झुगारून आलेल्या बाईस बिशपांचा अधिकार गोड कसा लागावा! इकडे महाराष्ट्रात त्यांच्या धर्मांतरावर टीकेची झोड उठली असता जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’ काढून त्यांची बाजू घेतली.

अमेरिकेत फिरून, ‘उच्चवर्णीय हिंदु स्त्री’ ह्या विषयावर १८८७ साली इंग्रजी पुस्तक लिहून, त्यांनी पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांकरिता शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, मुलींनी आपापले आचार पाळावे, असा करार होता. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर अशी माणसे होती. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ह्या बालविधवा होत्या. त्याच पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार बंद करीत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली गहजब झाला, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या. पालकांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. विश्वासाने ठेवलेल्या मुलीचा धर्म पालटेल ही भीती कोणत्याही बापास वाटेल. परंतु नेलेल्या मुलींपैकी कितींस माहेरी मानाचे ताट मिळाले असेल, ह्याचाही विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळाने पुढील भाग लिहिला. मध्यप्रांतात मुली उपासमारीने मरत आहेत आणि दुष्ट लोक त्यांस पळवीत आहेत, हे कानी येताच रमाबाईंस आपला रानातला पाला आठवला. त्या स्वतः गेल्या आणि सुमारे ३०० मुलीबाया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगामुळे नव्या माणसांस ठेवण्यास मनाई. तेव्हा केडगाव येथे बागेसाठी घेतलेल्या शंभरेक एकर माळावर झोपड्या उठल्या. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विणकाम, शेती, गाईगुरे, तेलाचा घाणा, शिवण, छापखाना, सर्व कामे स्त्रियांच्या हाती. अंधांसाठी बार्तीमी सदन. तेथे मनोरमाबाईंनी उठावाच्या लिपीचे शिक्षण सुरू केले. पतितांसाठी कृपा सदन, म्हणजे फुलमचेच घर, महाराष्ट्रात बांधलेले. नावे पाहा कशी: शारदा, मुक्ती, कृपा, प्रीती. बार्तीमी वगळल्यास सर्व शब्द आमच्याच कोशातले.

मुक्ती सदन उघड उघड ख्रिस्ती होते, आणि येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. उपाशी मुलीस जो अन्न देतो त्याचा धर्म ती स्वीकारील, ह्यात श्रद्धा किती आणि अन्न किती? हा आक्षेप त्या काळी घेतला गेला आणि तो पोकळ नव्हता. रमाबाईंची पुढील काळातील हिंदुधर्मावरील टीकाही आम्हांस एकांगी वाटते; आपल्या आईबापांच्या निरलस तपाविषयी त्यांनी अधिक मायेने लिहावयास हवे होते. तथापि आक्षेप घेणाऱ्यांपाशी त्या तीनशे मुलींसाठी दुसरी जागा तयार होती काय, असे विचारले तर उत्तर आम्हांपाशी नाही. हिंगण्याचा माळ अजून रिकामाच होता. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम तेथे १९०० साली गेला, आणि तोही मुख्यतः आपल्यातल्या विधवांकरिता.

अखेरची कित्येक वर्षे रमाबाईंनी बायबलाच्या मराठी भाषांतरात घालविली. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईस समजावे म्हणून त्यांनी संस्कृत शब्द वेचून वेचून बाजूस काढले. ज्या वाणीवर कलकत्त्याचे पंडित डोलले होते, तिने तेथे जाणूनबुजून माळावरची साधी मराठी धरली. भाषा काही ठिकाणी रुक्ष झाली आहे असे आमच्या संस्कृत कानास वाटते, आणि तसे वाटणार हे बाईंस ठाऊक असणार. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. आई पुन्हा एकटी राहिली, आणि भाषांतर हाती तसेच होते. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या केडगावी निवर्तल्या. ग्रंथ १९२४ साली छापून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविले, पाने छापली आणि बांधली ती मुक्ती सदनातल्या स्त्रियांनी.