घराच्या शोधात

सुगरण खोपा विणते, घूस बीळ खणते. वाघ मात्र स्वतःसाठी काहीच बांधीत नाही. मग त्याचे घर कोणते? लपण्यास दाट झाडी, उन्हाळ्यातही न आटणारे पाणी आणि पोटापुरती सांबरे, नीलगाई, रानडुकरे ज्या टापूत मिळतात, तो सारा टापू म्हणजेच वाघाचे घर होय. झाडांच्या बुंध्यांवर नखांचे ओरखडे काढून तो त्याची सीमा आखतो.

वाघाचा बछडा सुमारे दोन वर्षांचा झाला की आईपासून वेगळा होतो. जवळच्या रानातील थोराड नर त्याला तेथे राहू देत नाहीत. तेव्हा नवे घर शोधणे त्याला भाग पडते.

मार्च २०२१ मध्ये असाच एक तरुण वाघ गौताळा औट्रम घाट अभयारण्यात कॅमेऱ्याने टिपला. हे अभयारण्य अजिंठ्याच्या डोंगररांगेत, छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या जिल्ह्यांत पसरले आहे. माणसांच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. ते जुळवून पाहता हा वाघ यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा असल्याचे समजले. तीनशेहून अधिक किलोमीटर चालून तो आला होता! वाटेत सलग अरण्य नाही. आहेत ती शेते, रस्ते आणि गावे. असा प्रवास वाघ बहुधा रात्री करतात आणि दिवसा ओढ्याकाठच्या झाडीत वा उभ्या पिकांत दडून राहतात.

हे डोंगर वाघांना परके नव्हते. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी फिरत असतानाच त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. पुढे शिकार वाढली, रान विरळ झाले आणि येथील वाघ नाहीसे झाले. १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांना संरक्षण मिळाले. १९८६ मध्ये गौताळा अभयारण्य झाले.

परंतु वाघ परतला की गावकऱ्यांची चिंताही वाढते. ज्याचा बैल वाघाने मारला, त्याचे दुःख लहान नसते. म्हणून शासन अशा शेतकऱ्याला भरपाई देते. गुरे रात्री बंदिस्त गोठ्यात बांधावीत, तिन्हीसांजेला रानात एकट्याने जाऊ नये, वाघ दिसल्यास गर्दी वा पाठलाग न करता वनखात्यास कळवावे, एवढी दक्षता माणसाच्याही हिताची आहे.

याच अभयारण्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी घरदार सोडून आलेल्या भिक्षूंनी तेथे, श्वापदांच्या शेजारी, आपला निवारा केला. आज वाघाच्या घराची वाट माणसाच्या शेतातून जाते. ती वाट त्याला निर्वेधपणे चालू देणे, हा त्या जुन्या शेजाराचाच पुढला भाग आहे.